बिशपांचे चर्च, मंडळीचा कारभार

मराठी बायबलमध्ये ‘चर्च’ या अर्थाने जो शब्द येतो तो ‘मंडळी’. मराठी ख्रिस्ती माणूस ‘आमची मंडळी’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे घंटेचा मनोरा नसतो, माणसे असतात. इंग्रजीत इमारतीला आणि माणसांना एकच शब्द चालतो, मराठीत तो घोळ नाही. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चबद्दल लिहिताना हा शब्द फार उपयोगी पडतो, कारण या चर्चचे नाव एक सांगते आणि त्याचा रोजचा संसार चालवणारे हात वेगळेच असतात.

‘एपिस्कोपल’ म्हणजे बिशप असलेले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देखरेख करणारा. नावावरून वाटावे, इथे बिशप म्हणतील ती पूर्व दिशा. प्रत्यक्षात इथला बिशप मतदानाने निवडून येतो, पाळक कोण हवा ते स्थानिक मंडळी ठरवते आणि छप्पर गळू लागले तर गवंड्याशी बोलणी करायला मंडळीतलाच कोणी निवृत्त शिक्षक नाहीतर दुकानदार जातो. जगभरच्या अँग्लिकन परिवारातले हे अमेरिकन घर. आज त्याचे सभासद सुमारे पंधरा लाख आहेत. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा लहानच म्हणायचा. तरी त्याच्या मंडळ्यांचे एकत्र जगणे समजून घेण्यासारखे आहे, कारण अधिकार आणि सहभाग यांची सांगड त्यांनी सव्वादोनशे वर्षे घासून-पुसून बसवली आहे.

ती सांगड कोणा विचारवंताच्या डोक्यातून निघालेली नाही, ती अडचणीतून निघाली. १६०७ साली इंग्रज व्हर्जिनियात जेम्सटाउनला उतरले, त्यांच्याबरोबर चर्च ऑफ इंग्लंडही आले. बिशप मात्र आला नाही. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे, वसाहतींचा काळ संपेपर्यंत, एकही बिशप तिथे नेमला गेला नाही. नावापुरती देखरेख लंडनच्या बिशपांची, आणि मधे अटलांटिक महासागर. कोणाला धर्मगुरूची दीक्षा हवी असेल तर त्याने जहाजाने इंग्लंड गाठायचे, वादळातून आणि देवीच्या साथीतून वाचला तर परत यायचे. मग कारभार कोणी पाहायचा? तो ‘वेस्ट्री’ने पाहिला. वेस्ट्री म्हणजे मुळात उपासनेची वस्त्रे ठेवण्याची खोली. गावातले प्रमुख त्या खोलीत जमत, म्हणून त्यांच्या पंचमंडळालाच ते नाव पडले. व्हर्जिनियातली वेस्ट्री पाळक नेमायची, त्याचा पगार तंबाखूच्या रूपात द्यायची, अनाथ आणि अपंगांच्या पोटापाण्याची सोय करायची. जॉर्ज वॉशिंग्टन हे ट्रूरो पॅरिशच्या वेस्ट्रीचे सभासद होते.

या पंचांना थोर ठरवण्याचे कारण नाही. ते जमीनदार होते, त्यांच्या मळ्यांवर गुलाम राबत होते, आणि रिकामी झालेली जागा ते बहुधा आपापसांतच भरत. पण चर्चचा गाडा सामान्य सभासदांनी हाकायचा ही सवय त्या काळात हाडीमासी मुरली.

स्वातंत्र्ययुद्धाने सगळेच मोडले. धर्मगुरूंनी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेतलेली, त्यामुळे अनेकांनी देश सोडला. मागे राहिलेल्यांपुढे दोन वाटा होत्या. फिलाडेल्फियाचे पाळक विल्यम व्हाइट यांनी १७८२ साली एक पुस्तिका काढून सुचवले की बिशप मिळेपर्यंत थांबू नये, धर्मगुरू आणि साधे सभासद यांनी मिळून निवडलेल्या सभांच्या हाती कारभार द्यावा. कनेक्टिकटच्या धर्मगुरूंना हे पटेना. आधी बिशप, मग बाकीचे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी सॅम्युएल सीबरी यांना निवडून इंग्लंडला पाठवले. राजाची शपथ घेतल्याशिवाय तिथले बिशप त्यांच्यावर हात ठेवू शकत नव्हते, आणि अमेरिकन नागरिक ती शपथ कशी घेणार? शेवटी सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १४ नोव्हेंबर १७८४ रोजी ॲबर्डीन गावात तिथल्या बिशपांनी त्यांना अभिषेक केला. १७८९ साली फिलाडेल्फियात दोन्ही प्रवाह एकत्र आले. बिशपांचे एक सभागृह झाले आणि धर्मगुरू व सामान्य सभासद यांच्या प्रतिनिधींचे दुसरे. आजही दर तीन वर्षांनी भरणाऱ्या महासभेला प्रत्येक धर्मप्रांत चारपर्यंत धर्मगुरू आणि तितकेच सामान्य सभासद पाठवतो. दोन्ही सभागृहांची संमती नसेल तर ठराव पुढे सरकत नाही. माझ्या मते या चर्चचा स्वभाव त्या १७८९ च्या तडजोडीत आहे: बिशप हवा, पण लोकांना विचारून.

आता एखाद्या साध्या पॅरिशमध्ये जाऊन पाहू. वर्षातून एकदा सर्व सभासदांची सभा भरते आणि वेस्ट्रीवर माणसे निवडली जातात, बहुधा तीन वर्षांसाठी. त्यांच्यात दोन वॉर्डन असतात. थोरल्या वॉर्डनवर पाळकाच्या गैरहजेरीत सगळा भार येतो, धाकट्याकडे पुष्कळ ठिकाणी इमारतीची देखभाल. शंभर-दीडशे वर्षांचे दगडी बांधकाम, जुना बॉयलर, गळके छप्पर या गोष्टींवर वेस्ट्रीच्या बैठकांचा जेवढा वेळ जातो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर जात असेल. पैसा येतो तो सभासदांच्या वचनांतून. शरद ऋतूत प्रत्येक घर पुढच्या वर्षी किती देणार ते लिहून कळवते आणि त्यावर अंदाजपत्रक बांधले जाते. त्यातला एक वाटा धर्मप्रांताकडे जातो, आणि धर्मप्रांताने आपल्या उत्पन्नाचे पंधरा टक्के राष्ट्रीय पातळीवर द्यायचे असतात. तोंडमिळवणी झाली नाही तर कशाला कात्री लावायची, पाळकाच्या तासांना की गायनवृंदाच्या मानधनाला, हा निर्णयही याच पंचांनी घ्यायचा. आपल्याकडे गावजत्रेच्या कमिटीत किंवा गृहनिर्माण सोसायटीत बसलेल्यांना या बैठकांचा ताण सांगायला नको.

पाळक निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला की खरी परीक्षा सुरू होते. रोमन कॅथलिक चर्चमध्ये बिशप नवा पाळक पाठवतात. इथे मंडळी आधी स्वतःकडे पाहते. आपण कोण आहोत, काय जमते, कुठे कमी पडतो, पैसे किती आहेत, हे सभासद एका टिपणात लिहून काढतात. शोधसमिती उमेदवारांना भेटते, त्यांची प्रवचने ऐकते. बिशपांचा सल्ला घेतला जातो, पण बोलावणे वेस्ट्रीचे असते. या सगळ्याला वर्ष, कधी दीड वर्षही लागते. बाहेरून हे फार लांबलेले वाटेल. त्या मधल्या काळात मात्र मंडळीला कळते की पाळक नसतानाही आजाऱ्याला भेटायला कोणीतरी जाते, रविवारचे वाचन कोणीतरी करते, दरवाजा कोणीतरी उघडते. आणि एकदा आलेला पाळक, ज्याला तिथे ‘रेक्टर’ म्हणतात, वेस्ट्रीच्या एका रागाच्या ठरावाने घालवता येत नाही. त्यासाठी बिशपांना मध्ये यावे लागते. दोन्ही बाजूंना एकमेकांशी निभावून घ्यायला भाग पाडणारी ही रचना आहे.

हे झाले कारभाराचे. पण मंडळी कारभारासाठी जमत नाही, उपासनेसाठी जमते. १९७९ साली स्वीकारलेल्या प्रार्थनापुस्तकाच्या प्रश्नोत्तरीत चर्चचे सेवक कोण, असा प्रश्न आहे. उत्तरात पहिले नाव येते ते सामान्य सभासदांचे. बिशप, पाळक आणि डीकन त्यांच्यानंतर. हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. बाळाचा बाप्तिस्मा असतो तेव्हा प्रश्न फक्त आईवडिलांना विचारले जात नाहीत. समोर बसलेल्या सगळ्यांना विचारले जाते की या जीवाला श्रद्धेत वाढायला तुम्ही तुमची सगळी शक्ती लावाल का, आणि सगळे एकसुरात होकार देतात. त्यात त्या घराशी ओळख नसलेली माणसेही असतात. मला या विधीतला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

रविवारी दिसत नाहीत असे हातही पुष्कळ असतात. वेदीची व्यवस्था पाहणारा गट शनिवारीच येऊन कापड अंथरतो, मेणबत्त्या लावतो, फुले रचतो. प्रभुभोजनात वापरलेल्या रुमालांचे पहिले पाणी गटारात जाऊ देत नाहीत, ते मातीत सोडतात. अनेक जुन्या चर्चमध्ये त्यासाठी थेट जमिनीत उतरणारी वेगळी मोरी असते. उपासना संपली की काही सभासद छोट्या पेटीत भाकर आणि द्राक्षारस घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. वेदीवरची भाकर त्याच दिवशी त्यांच्यापर्यंत पोहोचावी असा त्यात कटाक्ष असतो. त्यासाठी पाळक असावे लागत नाही, प्रशिक्षण आणि बिशपांची परवानगी पुरते. आणि मग कॉफी. सभागृहात किटलीभोवती उभे राहून केलेल्या गप्पांना एपिस्कोपल माणसे अर्ध्या गमतीने आठवा संस्कार म्हणतात, पण कोणाची नोकरी गेली, कोणाचे ऑपरेशन आहे हे तिथेच कळते.

या मंडळ्यांनी पंक्तिभेद केला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. फिलाडेल्फियात अब्सालोम जोन्स नावाचा माणूस होता. गुलामीत जन्मलेला, पुढे मुक्त झालेला. सेंट जॉर्ज या मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करत असताना त्याला आणि त्याच्या सोबत्यांना उठवण्यात आले, गोऱ्यांच्या जागेत बसलात म्हणून. सगळे कृष्णवर्णीय सभासद बाहेर पडले. जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांनी १७८७ साली परस्परसाहाय्याची संस्था काढली होती. १७९३ मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली आणि ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले, तेव्हा याच संस्थेच्या माणसांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि मुडदे पुरले. काळ्या लोकांना हा ताप होत नाही असा त्या काळी समज होता. तो खोटा होता, तेही मेले. १७९४ साली जोन्स यांच्या नेतृत्वाखाली सेंट थॉमस ही आफ्रिकन मंडळी एपिस्कोपल चर्चमध्ये सामील झाली आणि पुढे जोन्स या चर्चचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झाले. पण त्यांच्या मंडळीला धर्मप्रांताच्या सभेत प्रतिनिधी पाठवायची मनाई होती. ती उठायला सुमारे सत्तर वर्षे लागली. सगळ्यांना मत देणाऱ्या रचनेने ‘सगळे’ या शब्दाचा अर्थ किती आखूड करून ठेवला होता ते यातून दिसते.

श्रीमंत-गरिबांचा भेदही होताच. एकोणिसाव्या शतकात चर्चमधली बाके भाड्याने किंवा विकत मिळत. पुढचे बाक ज्याच्याकडे पैसा त्याचे, गरीब मागे किंवा वर गॅलरीत. न्यूयॉर्कमध्ये विल्यम ऑगस्टस म्यूलेनबर्ग यांनी १८४६ साली होली कम्युनियन हे चर्च उघडले ते सर्व बाके मोफत ठेवून. त्याच मंडळीतून सेंट ल्यूक्स हे रुग्णालय उभे राहिले. पुढे वस्ती बदलली, मंडळी आटली, शेजारच्या मंडळ्यांत विलीन झाली. ती इमारत विकली गेली आणि १९८० च्या दशकात तिथे नाइटक्लब निघाला.

बायकांना तर फार थांबावे लागले. महासभेत प्रतिनिधी म्हणून बसण्याचा नियमित हक्क त्यांना मिळाला तो १९७० मध्ये. धर्मगुरूपदाचा प्रश्न अडकून पडला, तेव्हा २९ जुलै १९७४ रोजी फिलाडेल्फियाच्या चर्च ऑफ द ॲडव्होकेटमध्ये अकरा स्त्रियांना परवानगीशिवाय दीक्षा देण्यात आली. शहराच्या उत्तर भागातली ही कृष्णवर्णीयांची, कष्टकऱ्यांची मंडळी. पाळक पॉल वॉशिंग्टन यांनी आपले दार उघडून दिले. मिरवणुकीत पुढे क्रूस धरून चालत होत्या त्या मंडळीच्या वॉर्डन बार्बरा हॅरिस, एका तेल कंपनीत नोकरी करणाऱ्या. दोन वर्षांनी महासभेने स्त्रियांच्या दीक्षेला मान्यता दिली. १९८९ साली त्याच बार्बरा हॅरिस मॅसॅच्युसेट्समध्ये बिशप झाल्या. साऱ्या अँग्लिकन जगातल्या त्या पहिल्या स्त्री बिशप. मला वाटते, वॉर्डन म्हणून त्यांनी जे केले त्याचे मोल बिशपपदापेक्षा कमी नाही.

एक धागा महाराष्ट्रातल्या अनेक घरांपर्यंत येतो, तो फारसा कोणाला ठाऊक नाही. न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी चर्चचे रेक्टर सॅम्युएल शूमेकर यांच्या मंडळीने बेघर आणि दारुड्यांसाठी एक मिशन चालवले होते. १९३४ साली बिल विल्सन नावाचा दारूने खचलेला शेअरबाजारातला माणूस तिथे पोहोचला. पुढच्या वर्षी ओहायोतल्या ॲक्रन शहरात, पुन्हा दारूची ओढ लागलेली असताना, त्याने हॉटेलातल्या फोनवरून एका पाळकाला गाठले. ते वॉल्टर टंक्स, तेही एपिस्कोपल. त्या फोनने हललेली साखळी डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीपर्यंत गेली आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा जन्म झाला. आज पुण्या-मुंबईत आणि तालुक्याच्या गावी ‘एए’च्या मराठी बैठका भरतात. त्या कुठल्याही धर्माच्या नाहीत. पण गोलात बसून एकमेकांपुढे कबुली द्यायची आणि एकाने दुसऱ्याचा हात धरायचा, ही रीत विल्सन यांना मिळाली ती शूमेकर यांच्या भोवतालच्या माणसांकडून, आणि ते त्यांनी उघडपणे मान्य केले. अमेरिकेत हजारो मंडळ्यांची तळघरे संध्याकाळी या बैठकांना खुली असतात.

महाराष्ट्राशी आणखीही नाते आहे. टिळक-रानड्यांच्या १८९० च्या चहाने गाजलेले पुण्याचे पंचहौद मिशन ज्या काउली फादर्सचे, त्याच बंधुसंघाचे अमेरिकन घर मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आहे आणि ते एपिस्कोपल चर्चमध्ये मोडते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकनही त्यांत आले आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचा वारसा सांगणाऱ्या मंडळ्याही. हे चर्च अँग्लिकन परिवाराचे सभासद आहे. म्हणून पुण्याच्या किंवा नाशिकच्या मंडळीतला माणूस न्यूयॉर्कच्या एपिस्कोपल वेदीपाशी गेला तर तो घरचाच.

सध्या या मंडळ्या आक्रसत आहेत. १९६० च्या दशकात सभासद चौतीस लाखांच्या आसपास होते, आज निम्म्याहून कमी. निम्म्याहून अधिक मंडळ्यांत रविवारी पन्नास माणसेही नसतात. पूर्ण पगाराचा पाळक परवडत नाही, म्हणून दोन-तीन मंडळ्या मिळून एक पाळक ठेवतात. २००१ पासून लूथरन चर्चशी पूर्ण सहभागिता असल्याने काही गावांत एकाच छपराखाली दोन्ही परंपरांची एकच मंडळी झाली आहे. उत्तर मिशिगनच्या लहान गावांनी आपल्यातल्याच माणसांना बिनपगारी दीक्षा देऊन सेवा वाटून घेतली. २०२४ मध्ये सर्वोच्च पदावर आलेले शॉन रो हे आधी पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क राज्यांतल्या शेजारच्या दोन धर्मप्रांतांचे बिशपपद एकत्र सांभाळत होते. या घटीची हळहळ मला वाटते. पण घटलेली मंडळी संपलेली असते असे मानायला मी तयार नाही, आणि त्याचे कारण न्यूयॉर्कच्या एका रस्त्यावर आहे.

मॅनहॅटनच्या चेल्सी भागात, नाइन्थ ॲव्हेन्यू आणि अठ्ठाविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होली अपॉसल्स हे विटांचे चर्च आहे, १८४० च्या दशकात मिनार्ड लाफेव्हर यांनी बांधलेले. १९८० च्या सुमारास तिथली मंडळी लहान झाली होती. शहरात बेघरांची संख्या वाढत होती. ऑक्टोबर १९८२ मध्ये या मंडळीने अन्नछत्र उघडले, पहिल्या दिवशी पस्तीसएक माणसे जेवली. लवकरच ती संख्या शेकड्यांत गेली आणि पुढे दिवसाला हजारावर. एप्रिल १९९० मध्ये आग लागली, छप्पर कोसळले, विल्यम जे बोल्टन यांच्या रंगीत काचांचा काही भाग गेला. अन्नछत्र मात्र एक दिवसही बंद पडले नाही. १९९४ मध्ये चर्च पुन्हा उभे राहिले तेव्हा मंडळीने आपली बाके परत बसवलीच नाहीत. मोकळ्या केलेल्या मुख्य दालनात, वेदीसमोरच, आठवड्याच्या दिवशी गोल टेबले मांडली आणि रविवारी त्याच जागी खुर्च्या ठेवून उपासना सुरू केली. याच इमारतीत १९७३ साली समलिंगी यहुदींच्या बेथ सिमखत तोरा या मंडळीची पहिली प्रार्थना झाली होती. पुढे लेखक इयन फ्रेझियर यांनी इथे जेवायला येणाऱ्यांसाठी लेखनाचे वर्ग चालवले.

जेवणाऱ्याला कोणी धर्म विचारत नाही, पत्ता विचारत नाही. वाढणाऱ्यालाही विचारत नाहीत. भाज्या चिरायला, ताटे भरायला, टेबले पुसायला रोज स्वयंसेवक लागतात आणि त्यांत पुष्कळ जण ख्रिस्ती नसतात. न्यूयॉर्क-न्यू जर्सीत राहणाऱ्या किंवा मुलाबाळांकडे काही महिने जाणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे: एखाद्या कामाच्या दिवशी सकाळ मोकळी ठेवा, आधी नाव नोंदवा आणि नाइन्थ ॲव्हेन्यूच्या त्या दारात जाऊन वाढायला उभे राहा.